चेहरा हिरवा कसा? व्यक्तिचित्रातल्या अवास्तव रंगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एरंडवण्यात मी व्यक्तिचित्राचा वर्ग घेते आणि लोकांची पोर्ट्रेटही करते. वर्गात येणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि घरच्या कुणाचं चित्र करून घ्यायला येणारी मंडळी रंगांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

माणसाचा चेहरा हिरवा, निळा, जांभळा का रंगवायचा? त्याचा खरा रंग चित्रकाराला दिसत नाही का?

दिसतो. पण नीट बघायला बसलं की लक्षात येतं, चेहऱ्याला एकच एक खरा रंग नसतो. कपाळ जरा पिवळट असतं, नाक, गाल आणि कानाच्या पाळ्या तांबूस, आणि नुकतीच दाढी केलेल्या पुरुषाचा जबडा निळसर-करडा. त्यात भोवतालचा उजेड मिसळतो. पावसाळ्यात खिडकीलगत झाड असलेल्या खोलीत कुणाला बसवलं, तर हनुवटीखाली चक्क हिरवा उतरतो. गणपतीच्या दिवसांत लाल कापडाच्या मांडवात उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांचे चेहरे बघा. गालाचा रंग शोधूनही सापडत नाही.

चित्रकार आधी एवढंच करतो की दिसलेली एखादी छटा उचलतो आणि वाढवतो. हनुवटीखालचा पुसटसा हिरवा तो ठसठशीत हिरवा करतो. पुढची पायरी जास्त धीट आहे. तिथे रंग समोरून घेतलेला नसतो, ठरवून निवडलेला असतो. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या आर्लहून भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात ही पायरी स्पष्ट मांडली आहे. एका कलावंत मित्राचं चित्र करायचं आहे, आधी तो जसा आहे तसा रंगवेन, मग केसांचा सोनेरीपणा वाढवत पार नारिंगीपर्यंत नेईन, आणि मागे खोलीची साधी भिंत न काढता शक्य तितका गडद, भरदार निळा भरून अनंत आकाश उभं करेन, असा त्याचा बेत होता. नंतर त्याने बेल्जियन चित्रकार यूजीन बॉख याचं चित्र केलं. चांदण्यांच्या निळ्यासमोरचा तो पिवळट, हाडकुळा चेहरा आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. भिंत निळी नव्हती. मित्राबद्दल वाटणारा आदर निळ्यात होता.

ज्यांना हुबेहूब जमत नाही, तेच असे रंग लावतात का?

नाही. फ्रेंच चित्रकार मातिस हा गुस्ताव मोरो या चित्रकाराचा विद्यार्थी होता आणि त्याने लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. पिकासोची पोरवयातली चित्रं बघितली की त्याच्या हाताबद्दल शंका उरत नाही. हुबेहूब काढता येणाऱ्या माणसाने ते बाजूला ठेवणं हा त्याचा निर्णय असतो.

मात्र हेही खरं की कच्चं रेखाटन झाकायला भडक रंग वापरलेली चित्रं प्रदर्शनांतून दिसतात. ती ओळखायची युक्ती पुढच्याच उत्तरात आहे.

रंग सगळे बदलले तरी माणूस ओळखू कसा येतो?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर आहे टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा. डोळ्यांची खोबण किती खोल, नाकाची सावली ओठांवर कुठपर्यंत, गालाचं हाड कुठे वळतं, हे सगळं आपण उजेड-सावलीवरून ओळखतो. ती सावली तपकिरी आहे की जांभळी, याने ओळख बिघडत नाही. ती हवी त्यापेक्षा फिकट झाली तर मात्र लगेच बिघडते.

मातिसने १९०५ मध्ये बायकोचं, आमेलीचं, एक लहानसं चित्र केलं. उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. ‘हिरवी रेघ’ या नावाने ते ओळखलं जातं आणि सध्या कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कपाळावरून नाकावर उतरणारा एक रुंद हिरवा पट्टा चेहऱ्याचे दोन भाग करतो. एक गाल पिवळट, दुसरा गुलाबी. वर निळ्या-काळ्या केसांचा उंच अंबाडा. चित्र रंगीत बघताना तो पट्टा एकदम अंगावर येतो. आता त्याच चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. पट्ट्याचा धक्का पार ओसरतो आणि तो उजेडाची बाजू नि सावलीची बाजू जिथे मिळते तिथली साधी छटा म्हणून बसतो. समोर एक ठाम, गंभीर बाई उरते. शिवाय गुलाबी गालाच्या मागची पार्श्वभूमी हिरवी आहे, म्हणजे चेहऱ्यातला हिरवा एकटा पडलेला नाही, त्याला बाहेर सोबत आहे. चेहऱ्यात लावलेला विचित्र रंग चित्रात आणखी कुठेतरी दिसला पाहिजे, हे मी याच चित्रावरून शिकवते.

वर्गात आम्ही हीच कसोटी लावतो. डोळे किलकिले करून चित्राकडे आणि मग समोर बसलेल्या माणसाकडे बघायचं. गडद तिथे गडद आहे ना? मग मोबाइलवर फोटो काढून रंग काढून टाकायचे. करड्या रंगात माणूस ओळखू आला तर हिरव्यात, निळ्यात, शेंदरीत कशातही येईल. करड्यात चेहरा सपाट किंवा भलताच दिसला, तर रंगाला दोष देऊ नका, रेखाटन आणि टोन तपासा.

ही पद्धत सुरू कधी झाली?

१९०५ हे साल सांगायची प्रथा आहे. त्या वर्षी पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात मातिस, दरें, व्लामिंक यांची चित्रं एका दालनात लागली. मातिसने केलेलं टोपीवाल्या आमेलीचं चित्रही तिथेच होतं. समीक्षक लुई व्होसेलने त्या दालनातल्या चित्रकारांना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी श्वापदं म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. त्याच साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये किर्शनर हा चित्रकार आणि त्याच्या मित्रांनी ‘ब्रुके’ हा गट काढला. त्यांच्या चेहऱ्यांतला हिरवा-पिवळा मातिसपेक्षा कडवट आहे. मातिसचे रंग सुखावतात, किर्शनरचे टोचतात.

पण जमीन आधीपासून तयार होत होती. १८३९ मध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि हुबेहूबपणाची मक्तेदारी चित्रकारांकडून हळूहळू गेली. १८४१ मध्ये जॉन रँडने रंगाच्या घडी घालता येणाऱ्या धातूच्या नळीचं पेटंट घेतलं, त्यामुळे झळझळीत रंग तयार मिळू लागले आणि उघड्यावर नेता येऊ लागले. शेव्रोल या रसायनशास्त्रज्ञाचं काम मला यात सर्वात रंजक वाटतं. तो पॅरिसच्या गोबलँ विणकाम-कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळी लोकर नीट काळी दिसत नाही अशी तक्रार आली. तपासल्यावर त्याला कळलं की रंग ठीक आहे, शेजारच्या रंगांमुळे काळा फिका पडतो आहे. १८३९ मध्ये त्याने हा नियम सविस्तर मांडला. लक्ष्मी रोडला साडीवर एकामागून एक ब्लाउज पीस लावून बघणाऱ्या प्रत्येकीला हा नियम माहीत असतो. लाल आणि हिरवा शेजारी आले की दोघेही पेटतात, चित्रातही तसंच होतं.

हे सगळं परदेशी आहे. आपल्या परंपरेत कुठे बसतं?

जेजुरी पुण्यापासून फार लांब नाही. सोमवतीला गडावर गेलात तर हजारो चेहरे भंडाऱ्याने पिवळेधमक झालेले दिसतात, आणि त्या पिवळ्यात कुणाला काही खटकत नाही. कसबा गणपती शेंदरी आहे. विठोबा काळा, कृष्ण निळा. चेहऱ्याचा रंग कातडीवरून न ठरता अर्थावरून ठरतो, ही कल्पना आपल्याला लहानपणापासून सवयीची आहे.

शास्त्रातही ती आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांचे रंग दिले आहेत: शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण पारव्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. अजिंठ्याच्या भिंतींवर एकाच प्रसंगातली माणसं तांबूस, पिवळट, सावळी, हिरवट अशा निरनिराळ्या रंगांत रंगवलेली आहेत.

उलट ज्याला आपण नेहमीचं, साधं पोर्ट्रेट समजतो, ते तैलरंगातलं सावली-उजेडाचं हुबेहूब चित्रणच पुण्यात बाहेरून आलं. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशवे दरबारात आला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं त्याने केली. पुण्यात चित्रकलेची एक शाळाही निघाली आणि गंगाराम तांबट हा चित्रकार तिथे तयार झाला. पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाल्यावर हुबेहूब व्यक्तिचित्रण मराठी चित्रकारांनी इतकं आपलंसं केलं की हळदणकरांसारखे जलरंगावर अफाट हुकमत असलेले चित्रकार त्यातून घडले. मला त्या परंपरेबद्दल मनापासून आदर आहे. पण तीच काय ती आपली, असं मात्र नाही.

विसाव्या शतकात आपल्या चित्रकारांनी दोन्ही टोकं जोडली. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकली, भारतात परतली, १९३६ मध्ये अजिंठा बघून हलली आणि १९३७ मध्ये ‘ब्रह्मचारी’ आणि ‘वधूचा शृंगार’ यांसारखी चित्रं केली. त्यांतले तांबडे-तपकिरी देह अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरल्यासारखे आहेत. रवींद्रनाथ ठाकुरांनी साठीनंतर मन लावून चित्रं काढली आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन झालं. त्यांचे काळोखातून बघणारे चेहरे कुठल्याच शाळेतले नाहीत. आणि १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकारांचा गट उभा राहिला, त्यात गोव्याचा सूझा होता, पंढरपुरात जन्मलेले हुसेन होते. सूझाने पुढे चेहरे इतके मोडले की १९६६ मध्ये लंडनला त्याने काळ्यावर काळा रंग लावलेली चित्रं मांडली. त्यात चेहरा रंगाने दिसत नाही, रंगाच्या जाडीवर पडणाऱ्या उजेडाने दिसतो.

कोणता रंग कोणत्या भावनेसाठी, याचा तक्ता मिळेल का?

असा तक्ता मी देत नाही. पांढरा आपल्याकडे शोकाचा, ख्रिस्ती नवरीच्या अंगावर लग्नाचा. नाट्यशास्त्रात पिवळा अद्भुताचा, तर युरोपच्या जुन्या चित्रांत विश्वासघातकी जुडासला पिवळं वस्त्र. पिकासोच्या १९०१ ते १९०४ च्या काळातला निळा उपाशी आणि गारठलेला आहे, बॉखच्या मागचा निळा भव्य आहे. रंगाचा अर्थ शेजारच्या रंगाने, टोनने आणि तो किती जागा व्यापतो यावर ठरतो. रंग निवडताना ‘दुःखाचा रंग कोणता’ असं विचारू नका. या माणसासमोर बसल्यावर मला काय वाटतं, ऊब की अंतर, एवढं ठरवा आणि उबदार-थंड रंगांचं प्रमाण त्यावरून ठेवा.

आमचा रंग सावळा आहे. अवास्तव रंगात तो नाहीसा होतो का?

या प्रश्नामागचा अनुभव मला चांगला ठाऊक आहे. चित्र पूर्ण होत आलं की घरचं कुणीतरी बाजूला घेऊन सांगतं, ‘जरा उजळ करा हं.’ लग्न ठरायच्या मुलीच्या चित्रात तर हमखास. फोटो स्टुडिओत हे वर्षानुवर्षं चाललं आहे, आणि आपल्या लहानपणीच्या खडूच्या पेटीत ‘स्किन’ म्हणून मिळणारा फिकट गुलाबी खडू वर्गातल्या जवळजवळ कुणाच्याच कातडीचा नव्हता. हे मला फार लागतं. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यात रंगांची श्रीमंती असते आणि त्याला स्वतःलाच ती नको असते.

अवास्तव रंग इथे मोठी सुटका देतो. चेहरा निळा आणि शेंदरी झाला की गोरा-सावळा हा हिशेबच संपतो. अमेरिकन चित्रकार एमी शेरल्ड कृष्णवर्णीय माणसांची कातडी करड्या छटांत रंगवते. मिशेल ओबामांचं २०१८ चं तिने केलेलं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. कपडे आणि पार्श्वभूमी रंगीत, चेहरा आणि हात करडे. वर्णाकडे आधी जाणारी नजर त्यामुळे माणसाकडे वळते.

पण टोन मात्र खरा ठेवायचा. सावळ्या माणसाचा चेहरा जांभळा करा, पण गडद जांभळा करा. फिकट गुलाबी-पिवळ्यात तो उतरवला तर पुन्हा उजळ केल्यासारखंच झालं. सावळ्या कातडीवर कपाळाचा आणि गालाचा प्रकाश छान थंड, निळसर चमकतो. तिथे थेट फिका निळा लावून बघा, चेहरा जिवंत होतो.

मोबाइलच्या फिल्टरने हेच दोन सेकंदांत होतं. मग हाताने कशाला?

फिल्टर सगळ्या सावल्यांना एकच नियम लावतो. चित्रकार डाव्या डोळ्याखालची सावली निळी ठेवतो आणि उजव्याखालची तपकिरी, कारण त्या माणसाचा एक डोळा थकलेला आणि एक सावध आहे. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ पासून सिनेनटी मेरिलिन मन्रोच्या एका प्रसिद्धीच्या छायाचित्रावरून सिल्कस्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून, चित्रं छापली, मुद्दाम यंत्रासारखी. तिथे चेहऱ्याचा मुखवटा होणं हाच विषय होता. तुमच्या आईच्या चित्रात तो विषय नसेल.

मला करून बघायचं आहे. सुरुवात कशी करू आणि कोणते रंग घेऊ?

ॲक्रिलिक घ्या, लवकर वाळतं आणि चूक झाकता येते. टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, मजेंटा, अल्ट्रामरीन, थॅलो ग्रीन, बर्न्ट सिएना. एवढे अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही कलासाहित्याच्या दुकानात मिळतात आणि पुरतात. स्किन टिंटची ट्यूब घेऊ नका.

आधी पांढरा आणि बर्न्ट सिएना-अल्ट्रामरीनचं गडद मिश्रण एवढ्यावरच चेहरा उभा करा: उजेड, मधला टोन, सावली, फार तर पाच पायऱ्या. मग दुसऱ्या कागदावर त्याच पाच पायऱ्या रंगात शोधा. इथे एक गोष्ट आड येते. पिवळा कधीच गडद होत नाही. त्यात काळा घातला की तो शेवाळी होतो. उलट थॅलो ग्रीन आणि अल्ट्रामरीन ट्यूबमधून येतानाच काळोखे असतात. म्हणून उजेडाला पिवळा, गुलाबी, नारिंगी आणि सावलीला निळा, जांभळा, हिरवा, ही वाटणी सोपी पडते. ती हातात बसली की उलटवून बघा. थॅलो ग्रीन सुईच्या टोकाएवढाच घ्या, तो सगळी पॅलेट गिळतो. आणि ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतं, त्यामुळे टोन जुळवताना ओला रंग एक कणभर फिका ठेवा.

चित्र टिकावं असं वाटत असेल तर ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर ८३, म्हणजे मूळचा अलिझरिन क्रिमसन, उजेडात उडतो. फ्लुरोसंट रंग तर त्याहून लवकर जातात. कॅडमियमचे रंग सुंदर आणि टिकाऊ आहेत, पण विषारी. वाळलेला थर घासू नका आणि रंगाच्या हाताने खाऊ नका.

मला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही. मी या वाटेला जाऊ का?

जरूर जा. रवींद्रनाथांची लाल-हिरव्याची नजर कमजोर असावी असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. टोन तुम्हाला बहुतांशी व्यवस्थित दिसतो, आणि या प्रकारात भिस्त त्याच्यावरच असते. ट्यूबवरची नावं वाचून पॅलेटवर रंगांचा क्रम कायम एकच ठेवा.

माझा मुलगा सगळ्यांचे चेहरे जांभळे रंगवतो. सुधारायला हवं का?

नको. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी वेगळी करून घेता येईल. घरच्या वहीत त्याला जांभळा राहू द्या, आणि आजीला जांभळा का दिला ते त्यालाच विचारा.

पुण्यात अशी चित्रं बघायला कुठे जाऊ?

बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन इथे प्रदर्शनं बदलत राहतात. अभिनव आणि भारती विद्यापीठाच्या कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका, कारण सर्वात धाडसी चेहरे विद्यार्थीच काढतात. मुंबईला जहांगीर कलादालन आणि काळा घोड्याची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची शाखा समोरासमोरच्या अंतरावर आहेत. शेरगिल बघायला दिल्लीचं राष्ट्रीय दालन गाठावं लागेल. एक दिवस साताऱ्याजवळच्या औंधलाही जा, तिथल्या संग्रहालयात हुबेहूब परंपरेतलं अस्सल काम आहे. ते डोळ्यांत मुरलं की मातिसने काय सोडलं आणि काय राखलं ते नीट दिसतं.

वडिलांचं असं चित्र करून घ्यायचं आहे. त्यांना आवडेल का?

त्यांनाच विचारा, आणि चित्र सुरू व्हायच्या आधी. पंचाहत्तरीची भेट म्हणून गुपचूप करून आणलेला निळा चेहरा काहींना परका वाटतो. मी आधी दोन लहान रंगीत कच्ची चित्रं दाखवते, एक सौम्य आणि एक धीट, आणि ज्यांचं चित्र आहे त्यांचा कौल घेते. शक्य असेल तर त्यांना प्रत्यक्ष बसवावं. मोबाइलच्या फोटोत सावल्या एकतर काळ्याकुट्ट येतात किंवा कॅमेरा त्या आपोआप उजळतो, आणि रंग शोधायची जागा तर सावल्यांतच असते. बसणं जमत नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. गेलेल्या माणसाचं चित्र करायचं असेल तर मी बहुतेक वेळा सौम्य रंगच सुचवते. घरच्यांना त्या चेहऱ्यात आधी ओळख हवी असते, आणि ती मागणी रास्त आहे.

भिंतीवर कुठे आणि कसं लावावं?

थेट ऊन येणारी आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. दिवा पिवळा असेल तर निळे-जांभळे रंग मळकट दिसतात. ४,००० केल्विनच्या आसपासचा (उजेड पिवळा की पांढरा ते सांगणारा आकडा), सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेला एलईडी घ्या. हे आकडे खोक्यावर छापलेले असतात. समोर गडद पिवळी किंवा लाल भिंत असेल तर तिचा उजेड चित्रावर पडतो आणि चेहऱ्यातले थंड रंग बदलतात, म्हणून जागा नक्की करण्याआधी चित्र तिथे दिवसा आणि रात्री टेकवून बघा.